पंगतीचा कौल

पांडुरंग चांदोरकरांचा शुक्रवार सकाळचा चहा कपातच निवला, कारण बहरीनच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विनीतने मतदान ठेवलं होतं. संक्रांतीच्या स्नेहभोजनाला यंदा पंगत की बुफे? खाली दोन गोल. ज्याला जे हवं त्यावर बोटाने टिचकी मारायची.

"लीना, हे बघ! पिढ्यान्‌पिढ्यांची पंगत ही मुलं टिचकीवर उडवायला निघालीत!"

"मी मारली टिचकी," लीनाबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या.

"कशावर?"

"गुप्त मतदान असतं म्हणता ना तुम्ही नेहमी?"

"गुप्त कसलं? इथे नाव दिसतंय तुझं!" चांदोरकरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "बुफे? तू? माझ्या घरात?"

मतदान हा चांदोरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. सीफ भागातल्या एका विमा कंपनीत ते हिशेब तपासायचे. गेल्या निवडणुकीला पदरची रजा टाकून ते पुण्याला गेले होते आणि एक बटण दाबून परत आले होते. मतदानाच्या दिवशी सहलीला जाणाऱ्यांचं रेशनकार्ड काढून घ्यावं, पंचविशीच्या आत कुणाला मत देऊ नये, फुकट वाटणाऱ्यांना आणि फुकट घेणाऱ्यांना एकाच कोठडीत ठेवावं, ही त्यांची ठाम मतं होती. निकालानंतर मशीनला शिव्या घालणाऱ्यांचा तर त्यांना विशेष राग. "हरलात ना? मग गप बसा! कौल म्हणजे कौल!" असं ते दूरदर्शन संचाला रोज रात्री सुनवायचे. आणि कुठलीही चालू असलेली गोष्ट बदलायची भाषा निघाली, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांनी विनीतला फोन लावला. विनीत मंडळाचा चिटणीस. एका बँकेत कॉम्प्युटरवर काम करणारा, तिशीचा, कुणावरही न चिडणारा. चांदोरकरांना त्याच्या या न चिडण्याचाच जास्त राग यायचा.

"काका, पोल बघितलात? बुफे लीड करतोय."

"पोल? लोकशाहीची थट्टा आहे ही! पत्र्याची पेटी कुठाय? मतपत्रिका कुठाय? निवडणूक अधिकारी कोण?"

"काका, जेवण आहे हो ते. हॉल चार वाजता रिकामा करायचाय. तीन पंगती उठेपर्यंत वॉचमन दिवे बंद करतो. आणि वाढायला कुणी तयार नसतं."

"शिस्त नाही म्हणून परंपरा मोडायची? उद्या म्हणाल, आरती लांबते, नुसती टिचकी मारा!"

"बरं, मग करू ना पेपरवर. यल्ला, चला, तुम्ही सांगा कसं ते."

चांदोरकरांनी सांगितलं. पुढच्या बैठकीत त्यांनी कायदेच मांडले. टिचकी रद्द. छापील मतपत्रिका, तीही मराठीत. पेटीला कुलूप. मत देणाऱ्याच्या बोटाला शाई. आणि आचारसंहिता: आदल्या संध्याकाळपासून ग्रुप बंद, मतदानाच्या दिवशी हॉलच्या आवारात प्रचाराचा चकार शब्द नाही. जो काढील त्याला आवाराबाहेर.

निवडणूक अधिकारी म्हणून सगळ्यांनी एकमुखाने संघप्रिया गजभियेचं नाव घेतलं. संघप्रिया नागपूरची, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर. तिने नापास केलेला वेल्डिंगचा जोड मालकाने विनवण्या करूनही पास झाला नव्हता.

"मी करते," ती म्हणाली. "पण एकदा नियम ठरला की माझ्याशी बोलायचं नाही, काका. तुम्हीसुद्धा."

"अगदी हेच!" चांदोरकर खूश झाले. "देशाला अशी माणसं हवीत!"

विनीतने मतपत्रिकेवरचा प्रश्न तिथल्या तिथे ठरवला: ‘पंगत बंद करावी का? हो की नाही?’ झालं. चांदोरकर प्रचाराला लागले. त्यांची घोषणा सोपी होती: "नाही म्हणजे नाही!" संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते गाडी काढायचे आणि घरोघर जायचे. अमवाजच्या बंगल्यांपासून तुबलीच्या गॅरेजवरच्या खोल्यांपर्यंत त्यांनी एक मराठी दार सोडलं नाही.

तुबलीत त्यांना कुसुमबाई सापडल्या. सुजीत मेकॅनिकची आई. दर हिवाळ्यात साताऱ्याहून लेकाकडे राहायला यायच्या. त्यांनी बुफेबद्दल ऐकलं आणि पदर खोचला.

"उभ्यानं तर जनावरं खात्यात, भाऊ. मानसानं बूड टेकावं. कशावर शिक्का मारायचा तेवढं सांगा."

"नाहीवर. काहीही विचारू देत, आपण नाहीवर मारायचा."

"नाहीवर. ध्येनात ऱ्हाईल."

कुसुमबाईंनी गॅरेजांच्या गल्लीत स्वतःच प्रचार सुरू केला. तिकडून विनीतच्या बाजूच्या मुलांनीही "बुफेला हो!" असे रंगीत फलक ग्रुपवर टाकले. चांदोरकरांना झोप येईना. त्यांच्या मते देशाचं आणि मंडळाचं भवितव्य आता एकाच धाग्याला लोंबकळत होतं.

मतदानाला दोन दिवस उरले असताना छापायला जाणारा मजकूर त्यांच्या हातात पडला, आणि तो वाचून त्यांचं पित्त खवळलं.

"विनीत, ही काय भाषा? ‘पंगत बंद करावी का?’ दुकान आहे का शटर ओढायला? संस्कृतीचा प्रश्न संस्कृतीच्या भाषेत विचारायला नको?"

"काका, तुम्ही लिहून द्या. जसंच्या तसं छापतो."

चांदोरकरांनी ऑफिसात बसून, जेवणाची सुट्टी घालवून, लिहून दिलं. ‘मंडळाच्या वार्षिक स्नेहभोजनातील पंगतीची प्राचीन परंपरा खंडित न करण्याच्या ठरावास आपली संमती आहे काय?’ खाली ‘हो’, ‘नाही’. स्वतःचंच वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. विनीतने पहिले चार शब्द वाचले आणि इंशाल्ला म्हणून छापायला टाकलं.

मतदानाच्या सकाळी हॉलबाहेर रांग लागली. दारावर तो प्रश्न ठळक अक्षरांत चिकटवला होता. चांदोरकर सदरा घालून, छाती काढून, सगळ्यांत आधी आले होते. त्यांच्या मागे कुसुमबाई, आणि त्यांच्या मागे गॅरेजांची गल्ली.

"भाऊ, चष्मा घरी ऱ्हायला. काय लिवलंय जरा वाचून दावा."

चांदोरकरांनी घसा खाकरला आणि भाषण केल्यासारखं वाचलं.

"म्हंजी काय वो?"

"म्हणजे असं, की पंगत मोडू नये असा ठराव आहे. तो तुम्हाला मान्य आहे का, असं विचारलंय."

"हाय की मान्य!"

"झालं तर मग."

"मग नाहीवर शिक्का ना?"

"अर्थात! नाही म्हणजे..." चांदोरकरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी वर दाराकडे पाहिलं. ओठ हलवत प्रश्न पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कुणीतरी पुसून घेतल्यासारखा उतरला.

"थांबा!" ते ओरडले. "थांबा सगळे! नाही नका म्हणू! हो म्हणा! हो!"

संघप्रिया दारात उभी होती. "काका. आचारसंहिता."

"अगं, घोटाळा झालाय! त्यांना सगळं उलटं सांगितलंय!"

"कोणी सांगितलं?"

"मी!"

"मग आता प्रचार कोण करून राहिलं?"

"मीच! पण हा प्रचार नाही, ही दुरुस्ती आहे!"

"आवारात चकार शब्द नाही, हा नियम तुमचा आहे, काका. तुम्ही मत द्या आणि बाहेर व्हा."

चांदोरकर आत गेले. त्यांनी ‘हो’वर शिक्का मारला. विनीतच्या बाजूच्या सगळ्या मुलांनी जो शिक्का मारायचा ठरवला होता तोच त्यांनीही मारला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. बोटाला काळ्या मार्करची रेघ घेऊन ते बाहेर आले, आणि बोलायचं नाही म्हणून रांगेसमोर उभं राहून मान जोरजोरात वरखाली करू लागले. हो, हो, हो. लोकांना वाटलं, काका नमस्कार करताहेत. त्यांनीही माना डोलावल्या. कुणीतरी मागून "नाही म्हणजे नाही!" असं पुटपुटलं आणि त्यांना अंगठा दाखवला.

"अहो, मान आखडली का?" लीनाबाईंनी रांगेतून विचारलं.

शेवटी संघप्रियाने त्यांना हाताला धरून फाटकाबाहेर नेलं, एक खुर्ची दिली आणि पाण्याची बाटली दिली. फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस त्यांना उत्साहाने सांगत होता, "काका, काळजी करू नका, नाहीवरच मारतो!" चांदोरकर दातओठ खात गप्प बसले. नियम त्यांचाच होता.

दुपारी मतदान संपल्यावर चांदोरकर खुर्ची घेऊन आत आले आणि निकाल लागला. संघप्रियाने कागद वाचला. "हो, बावन्न. नाही, सत्तर."

गॅरेजांच्या गल्लीने एकच जल्लोष केला. सुजीतने चांदोरकरांना खुर्चीसकट उचललं. कुसुमबाईंनी त्यांच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला. "जितलो, भाऊ!" विनीत समोर आला, हात पुढे करून म्हणाला, "मबरूक, काका, अभिनंदन. हरलो आम्ही."

तोंडातला लाडू गिळेपर्यंत चांदोरकरांना बोलता येईना. तेवढ्यात संघप्रिया शांतपणे म्हणाली, "पूर्ण ऐकून घ्या. परंपरा खंडित न करण्याचा ठराव फेटाळला गेला आहे. म्हणजे पंगत बंद. बुफे."

हॉलमध्ये सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. मग एकदम गलका उठला. सुजीतने खुर्ची खाली ठेवली, जरा जोरातच.

"तुला दिसत होतं ना?" चांदोरकर संघप्रियावर कडाडले. "प्रश्न उलटा आहे हे तुला दिसत होतं!"

"प्रश्न बरोबरच होता, काका. तुमचा प्रचार उलटा होता. आणि प्रचारात पडायचं माझं काम नाही."

विनीतने डोकं खाजवलं. त्याच्या लक्षात आलं होतं, की आपल्या बाजूच्या मुलांनी पंगतीला मतं दिली आणि काकांच्या फौजेने त्यांना बुफे जिंकून दिला. "काका, सोडा ना. लोकांना काय हवं होतं ते दिसतंयच. सत्तर लोकांना पंगत हवी आहे. पंगतच करू. खलास."

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे त्याला मिठी मारली असती. लीनाबाईंनी तशी खूणही केली. पण चांदोरकर खुर्चीवरून ताडकन उठले.

"करू म्हणजे? निकाल लागलाय! पेटी उघडल्यावर लोकांच्या मनात काय होतं ते विचारत बसायचं? मग निवडणुका कशाला घ्यायच्या, ज्योतिषी बसवा! आयुष्यभर मी रडणाऱ्यांना सांगत आलो, कौल म्हणजे कौल. आज माझ्यावर आलं म्हणून मी फिरू? बुफे होईल! मी करून घेईन!"

"आवो, पर भाऊ, तुमीच तर..." कुसुमबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही!" चांदोरकर गरजले, आणि ही घोषणा आता नेमकी कुणाच्या बाजूची आहे हे कुणालाच कळेना.

त्या दिवसापासून बहरीनमध्ये बुफेचा त्यांच्याइतका कट्टर कैवारी दुसरा नव्हता. टेबलं किती लावायची, ताटल्या कुठल्या टोकाला, रांग कुठून वळवायची, सगळं त्यांनी आखलं. ते करताना मात्र त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा असायचा. घरी लीनाबाईंनी एकदाच विचारलं, "मनातून पंगतच हवी आहे ना?" त्यावर ते म्हणाले, "माझ्या मनाला मताचा अधिकार नाही. तो वापरून झालाय."

स्नेहभोजनाच्या दुपारी टेबलांवर मसालेभात, आमटी, बटाट्याची भाजी, गुळाच्या पोळ्या मांडल्या होत्या. लोकांनी शिस्तीत रांग लावली. पहिल्या कुसुमबाई. त्यांनी ताट भरून घेतलं, भिंतीपाशी गेल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ फरशीवर मांडी ठोकली. त्यांच्या शेजारी सुजीत बसला. मग गॅरेजांची गल्ली ओळीने बसत गेली. समोरच्या भिंतीला विनीत आणि त्याच्या बाजूची मुलं बसली. लीनाबाई बसल्या. संघप्रियासुद्धा ताट घेऊन खाली बसली.

"हे काय चाललंय?" चांदोरकर हातात ताट घेऊन हॉलच्या मधोमध धावत आले. "उठा! उभे राहा! हा बुफे आहे! संघप्रिया, हा कौलाचा भंग आहे!"

"ताट आपलं आपण घेतलं, काका. तो बुफे झाला. कुठं बसायचं हे मतपत्रिकेत नव्हतं."

दोन लांबलचक ओळी मांडी घालून जेवत होत्या आणि अख्ख्या हॉलमध्ये चांदोरकर एकटे ताटकळत उभे होते. बसायला त्यांचे गुडघे कधीचे तयार होते, पण तत्त्व आडवं येत होतं. त्यांनी उभ्यानेच भाताचा एक घास घेतला आणि रागाने चावला.

"आवो भाऊ," कुसुमबाईंनी हाक मारली, "उभंच हायसा तर जरा आमटी आना की. आता गुडघं कुटं मोडू परत?"

"इकडे पण, काका!" विनीत ओरडला. "आणि भात!"

"अहो, मीठ," लीनाबाई म्हणाल्या.

चांदोरकरांनी ताट टेबलावर आपटलं. आमटीचं पातेलं उचललं, डाव घेतला, आणि कमरेत वाकून ओळीच्या एका टोकापासून वाढत निघाले. प्रत्येक ताटाशी थांबून, डाव ओतता ओतता, ते जरबेने सांगत होते:

"ही पंगत नाही, लक्षात ठेवा. बुफे तुमच्यापर्यंत चालत आलाय."