मगदूम सरांचं आर्सेनेट

मगदूम सर कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत त्यांचा हात खिशात जायचा आणि खिशातून एक पोलादी खिळा बाहेर यायचा. मग ते बसल्या जागेवरून जे हाताला लागेल त्यावर ओरखडा काढायचे. खिडकीचा कट्टा, जिन्याची पायरी, देव्हाऱ्याखालची फरशी, काहीही. ओरखडा उठला की त्यावरून बोट फिरवायचे, चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि निकाल द्यायचे.

आमच्या गल्लीतल्या तानाजीरावांनी घर बांधलं, वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं आणि स्वयंपाकघरातला काळाभोर ओटा कौतुकानं दाखवला. ग्रॅनाइटचा आहे म्हणाले. सर खाली वाकले, ओट्याच्या आतल्या कडेला खिळा घासला आणि म्हणाले, "तानाजीराव, ह्यो ग्रॅनाइट न्हाय. पॉलिश मारलेला कडाप्पा हाय. लिंबू पिळताना जपून, डाग पडंल."

"सर, दुकानदारानं तोंडानं सांगितलंय की ग्रॅनाइट म्हणून."

"तोंड काय बी सांगतंय. ओरखडा खोटं बोलत न्हाय."

त्या दिवशी तानाजीरावांच्या घशाखाली पुरणपोळी उतरली नाही. पुढं कधीतरी त्यांनी ज्योतिषाच्या सांगण्यावरून पिवळा पुष्कराज बोटात घातला. सरांनी रस्त्यातच त्यांचा हात धरला, खडा भिंगाखाली धरला आणि काच म्हणून सांगून टाकलं. तेव्हापासून तानाजीराव सरांना लांबूनच नमस्कार करायचे, दोन्ही हात खिशात घालून.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मूळचे कुरुंदवाडकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावाकडचं. माझं राजारामपुरीत ब्लाउजपीस आणि अस्तराचं मॅचिंग सेंटर आहे. माझा सगळा धंदाच रंगावर चालतो. लिंबी, हळदी, केतकी, आंबा, एवढे पिवळे मला डोळे मिटून सांगता येतात. सर दुकानात डोकावले की हसायचे. "शोभा, रंगावर जाऊ नको. रंग ही दगडाची सगळ्यात लबाड खूण. आधी कठीणपणा बघायचा, मग चमक, मग फुटतो कसा ते, आन मग कुठल्या भावकीतला ते."

दगडांचीही भावकी असते हे मला सरांमुळं कळलं.

सरांच्या बायकोला आम्ही सुमनकाकू म्हणतो. काकू चौथी शिकलेल्या. मूलबाळ नाही. सरांच्या बोलण्यातले दगड हीच त्यांच्या घरातली वर्दळ. सरांच्या तोंडी एक नाव नेहमी यायचं, लेग्रँडाइट. जस्ताचं एक दुर्मीळ आर्सेनेट, पिवळंधमक, सूर्याचे किरण गोठून उभे राहिल्यासारखे त्याचे स्फटिक. सरांनी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. आपल्याकडं ते सापडत नाही. आपल्याकडं काळा पाषाण, शाहूवाडीकडं गेलं की जांभा. "एकदा हातात घेऊन बघायचाय," असं सर म्हणायचे, जसं कुणी काशीला जायचंय म्हणावं तसं. ऐकून ऐकून काकूंना ते नाव पाठ झालं. परक्या भाषेतला तेवढाच एक शब्द त्यांना येत होता.

काकू लग्नाघरच्या शेवया, सांडगे करून द्यायच्या आणि त्याचे पैसे साठवायच्या. सर निवृत्त व्हायच्या सुमारास त्या पुण्याला भाच्याकडं जाऊन येते म्हणाल्या. तिथं दगडांचं प्रदर्शन भरलं होतं. भाच्याला घेऊन काकू प्रत्येक टेबलापुढं उभ्या राहिल्या आणि तेवढा एक शब्द विचारत गेल्या. एका विक्रेत्यानं हो म्हटलं, खोक्यातून पिवळा दगड काढून दिला आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं.

सरांनी खोकं उघडलं तेव्हा मी तिथंच होते. कॉलेजचा निरोप समारंभ उरकून आम्ही शेजारी सरांच्या घरी चहाला जमलो होतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. सरांनी कापूस बाजूला केला. आत तपकिरी मातकट खडक आणि त्यावर लिंबी पिवळे स्फटिक, खडीसाखरेसारखे चकाकणारे. सरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग म्हणाले, "सुमे, एवढ्या लांब जाऊन आणलास व्हय." आणि अंगणातल्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले. आम्हाला वाटलं, आनंदानं डोळे भरले.

तेव्हापासून तो दगड काचेच्या झाकणाच्या डबीत, दिवाणखान्यातल्या कपाटात. येणाऱ्याजाणाऱ्याला काकू तो दाखवायच्या आणि नाव सांगायच्या. सर फक्त एवढंच म्हणायचे, "हात लावला तर धुवा. आर्सेनिक हाय त्यात."

झालं. गल्लीत बातमी फिरली की मगदूम सरांनी घरात सोमलाचं विष ठेवलंय. दूधवाला बाहेरूनच किटली ओतू लागला. शेवटी गणपतीच्या मांडवात सरांनीच सगळ्यांना बसवून तास घेतला. आर्सेनिक सोमलात असतं, हरताळात असतं, मनशीळेत असतं. पण हरताळ आणि मनशीळ गंधकाशी सोयरीक केलेले. आर्सेनेटची गोष्ट वेगळी, तिथं आर्सेनिकानं ऑक्सिजनशी घर केलेलं. फॉस्फेट, आर्सेनेट, व्हॅनेडेट ही तिघं एका भावकीतली, एकमेकांच्या जागी बसली तरी घराचा आकार मोडत नाही. "आमचा दगड डबीत गप बसलाय. चाटला न्हाय तर कुणाला काय करत न्हाय," असं सर म्हणाले. आरतीला उशीर झाला, पण दूधवाला पुन्हा आत यायला लागला.

एक गोष्ट मात्र गल्लीत सगळ्यांच्या डोळ्यावर आली. जगाला ओरखडे काढणारा हा माणूस स्वतःच्या दगडाला खिळा लावू देत नव्हता. तानाजीराव एकदा मुद्दाम म्हणाले, "सर, ह्याचा कठीणपणा किती वो? जरा काढून दाखवा की ओरखडा." सरांनी डबी कपाटात ठेवली आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

एकदा ऐन दुपारी सर माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. नोटा तपासायचा माझ्याकडं एक जांभळा दिवा आहे. तो एक मिनिट दे म्हणाले. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, अस्तराच्या ताग्यांमागं त्यांनी डबी उघडली आणि दिवा लावला. पिवळा दगड एकदम हिरवागार पेटला. नव्या पोपटी रेशमाला उन्हात येते तशी झळाळी. मी म्हटलं, "अगं बाई, काकूंना हाक मारू?"

"नको," सर म्हणाले. "तिला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. तुला शप्पत हाय." दिवा बंद करून ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. एवढं सुंदर काही बघून माणूस इतका उतरलेला का, ते मला समजलं नाही.

मध्ये काही वर्षं गेली. कॉलेजनं विभागातलं संग्रहालय नव्यानं मांडायचं ठरवलं आणि सरांकडं तो दगड मागितला. सर नाही म्हणाले. पुन्हा मागितला, पुन्हा नाही. चिकट माणूस, दगडसुद्धा सुटत नाही, असं लोक बोलू लागले. काकूंच्या कानावर ते आलं. त्यांनी एक दिवस मला बसवून घेऊन सरांपुढंच विषय काढला.

"आपल्या माघारी त्याला बघणार कोण? ना लेक, ना ल्योक. भंगारवाला न्हेईल. कॉलेजात ठेवला तर पोरं बघतील तरी. देऊन टाका की."

सरांनी कपाटातल्या डबीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं."

काचेच्या कपाटात ठेवायची पाटी सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. 'जस्ताचे दुर्मीळ आर्सेनेट. सौ. सुमन मगदूम यांची भेट.' काकूंनी ती हातात घेतली, अक्षरं लावून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"ह्यात त्याचं नाव न्हाय."

"वर्ग ल्हिलाय. तेवढं पुरं हाय."

"माझं नाव हाय आन त्याचं न्हाय? उलटं झालं की. माझं खोडा, पर त्याचं ल्ह्या."

सरांनी पेन घेतलं. पेन कागदाजवळ नेऊन थांबले. माझ्याकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, लेग्रँडाइट.

संग्रहालयाच्या उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. पाहुणे म्हणून सरांचेच जुने विद्यार्थी आले होते, डॉक्टर देसाई, आता मोठे खनिजतज्ज्ञ. काकू जरीकाठाचं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. डॉक्टर देसाई सरांच्या पाया पडले, एकेक कपाट बघत आले आणि त्या दगडापुढं थांबले. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"सर, पाटीत काही गडबड झाली आहे का? मला हा ॲडमाइट वाटतोय."

खोलीतली कुजबुज थांबली. देसाई भला माणूस, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी विद्यार्थ्यांकडं वळून तासासारखं सांगायला सुरुवात केली. दोन्ही जस्ताची आर्सेनेटंच, दोन्ही पिवळी. पण लेग्रँडाइटच्या घडणीत पाण्याचा रेणू असतो, ॲडमाइटमध्ये तो नसतो. लेग्रँडाइट जरा कठीण, ॲडमाइट मऊ. स्फटिकांची ठेवण वेगळी. आणि लेग्रँडाइट फार क्वचित मिळतो. "शिवाय ॲडमाइट जांभळ्या दिव्याखाली बहुतेक वेळा हिरवा चमकतो. लेग्रँडाइट चमकत नाही. बघूया का?"

पडदे ओढले. दिवा आला. दगड हिरवागार पेटला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळी वाजवली नाही. माझ्या दुकानातली ती दुपार मला तेव्हा कळली.

"सर, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?" देसाई हसत म्हणाले.

मागून तानाजीरावांचा आवाज आला, "आमच्या पुष्कराजाला काच म्हणालावता की वो सर." दोघंचौघं हसले.

मी काकूंकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात पदरात गच्च धरलेले होते. पुण्याचं प्रदर्शन, शेवया, चिठ्ठी, सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आता कुणीतरी विचारणार, हा आणला कुणी?

सर उभे राहिले. चष्मा काढून पुसला. वर्गातल्यासारखं शुद्ध बोलले. "देसाई बरोबर बोलतायत. चूक माझी आहे. आमच्या घरच्यांनी हा घेताना मला दाखवून, विचारूनच घेतला होता. मीच लेग्रँडाइट म्हणून सांगितलं. मला ओळखता आलं नाही. पाटी बदला."

आणि ते खाली बसले. एवढी वर्षं शिकवलेल्या खोलीत, आपल्याच विद्यार्थ्यांपुढं. देसाई घाईघाईनं म्हणाले की चांगल्या चांगल्यांचं असं होतं. पण पोरं सरांकडं आता वेगळ्या नजरेनं बघत होती.

परतताना रिक्षात आम्ही तिघं. घराशी उतरल्यावर मी निघाले, तर काकूंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. मी त्यांच्याबरोबर आत गेले. सर खुर्चीत बसले. काकू उभ्याच.

"मी कवा विचारलंतं तुम्हाला?"

सर जमिनीकडं बघत होते.

"तुम्हाला म्हाईतच नव्हतं मी काय आणायला गेलते ते. मग विचारलं कवा?"

"लोकांत बोलायला काय तरी लागतंय."

"तुम्हाला कळलं कवा?"

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खोकं उघडलं तवाच."

"आन एवढी वर्सं बोलला न्हाय. मी येणाऱ्याला जाणाऱ्याला सांगत बसले, आन तुम्ही ऐकत बसला."

"त्या पुणेवाल्यानं खोटं नाव दिलं, सुमे. तू खोटं काय बी आणलं न्हाईस." सरांनी मान वर केली. "माझ्यासाठी कुणी एक शब्द पाठ करून गाव हिंडलं न्हाय कधी. आईबापानं बी न्हाय. मग मी त्यो शब्द चूक हाय म्हणून कसा सांगू?"

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. मला वाटलं, आता त्या आत बसून रडतील. पण त्या तीन कप चहा घेऊन आल्या, सरांपुढं कप ठेवला आणि त्यांच्या समोर खाली बसल्या, शाळेतल्या पोरीसारखी मांडी घालून.

"आता खरं नाव शिकवा मला," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. त्यो दुसरा शब्द यायला मला लय दिवस लागलंतं."

सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग पुढं वाकून एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "ॲ-ड-मा-इट."

"अडमाईत."

आयुष्यभर जगाच्या चुका काढत फिरलेला तो माणूस क्षणभर थांबला.

"व्हय," सर म्हणाले. "असंच हाय ते."