येळवशीला आम्ही घरच्या गाडीनं गेलो

गाडी ही चालवायची वस्तू नसून झाकायची वस्तू आहे, हे ज्या घराला कळलं, त्या घराची इज्जत कधी रस्त्यावर येत नाही.

आमची जुनी पांढरी गाडी दिवाळी झाली की ताडपत्रीखाली जाते. थंडीत इंजन गारठतं, असं माझ्या थोरल्याचं, अमरेशचं म्हणणं. तो शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्याचं म्हणणं खोटं पाडायची घरात कुणाला परवानगी नाही. दर सोमवारी ताडपत्री ओल्या फडक्यानं पुसली जाते. (गाडी पुसत नाहीत. ती झाकलेली असते.)

यंदा येळवशीला मात्र ती काढणं भाग पडलं. वेळा अमावस्येला अख्खं लातूर दाराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. आमचं शेत औसा रोडला. तिथं निलंग्याचे शंकरप्पा सहकुटुंब यायचे होते. माझी नात गीतांजली त्यांच्या घरात द्यायचं चाललं होतं. फोनवर ते म्हणाले, "अक्का, तुम्हाला घ्यायला येऊ का?" मी म्हणाले, "कशाला? घरची गाडी हाय." झालं. शब्द पुढं गेला. आता त्याच्यामागं गाडी जाणं आलं.

सकाळी ताडपत्री निघाली, नारळ फुटला, चावी फिरली. गाडी गप्प.

यानंतर रीतीप्रमाणे बॉनेट उघडण्यात आलं. बॉनेट उघडणं ही बाप्यांची पूजा आहे. आत देव दिसलाच पाहिजे असं नाही. कमरेवर हात ठेवून वाकलं की पुण्य लागतं. आमच्या गल्लीत दहा बाप्यांपैकी अकरा जणांना गाडीतलं कळतं (अकरावा रस्त्यानं जात असतो). सर्वांची मतं घेण्यात आली. अमरेशच्या मते ऑइल गोठलं होतं. धाकटा हरिओम म्हणाला, चोक ओढा. निवृत्तीराव जावई, तेव्हा त्यांनी दोन्हीकडं मान डोलावली. शेजारचे वकील शेताला निघता निघता "प्लग काढून तव्यावर भाजा" असं सांगून गेले, आणि माझा भाकरीचा तवा त्या कामी लागला. केवळाबाई शेजारणीनं लिंबू उतरवलं. नुकसान न करणारा तेवढा एकच उपाय होता.

शेवटी गीतांजली म्हणाली, "आजी, मोबाइलमधी सांगायलेत, आधी बॅटरी बघा म्हणून."

"मग बघा की!"

बघितली. बॅटरी नव्हती.

उतरली नव्हती, खराब झाली नव्हती, नव्हतीच. तिच्या जागी चौकोनी खळगा होता, आणि इतका वेळ सगळे शहाणे त्याच खळग्यात हात टेकून विचार करत होते.

हरिओम पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "माय, ती... हरभऱ्याच्या कुंपणाला झटका मशीन लावली न, रानडुकरासाठी. तिथं हाय."

"वा रे वा! डुकराला करंट अन् सोयऱ्याला अंधार!"

आता शांत डोक्यानं विचार केला. बॅटरी शेतात, गाडी दारात. एकीनं दुसरीकडं जाणं आलं. बॅटरी आणायला माणूस धाडावा, तर शंकरप्पा तिथं आधीच सतरंजीवर बसलेले. त्यांच्यादेखत आमच्या गाडीचा अर्धा जीव खांद्यावरून गेला असता. रिक्षा करावी तर शब्द जातो. (शिवाय येळवशीला रिक्षावालाही शेतातच असतो.) सबब मी ठराव मांडला की गाडीनंच बॅटरीकडं जावं. अनुमोदनाची वाट बघितली नाही.

बसायची व्यवस्था मानाप्रमाणे झाली. जावयाला ढकलायला लावलं तर लेकीचं माहेर तुटतं, म्हणून निवृत्तीराव स्टेअरिंगला. (त्यांना गाडी येत नाही, पण बंद गाडी कुणालाही येते.) जिची सोयरीक, तिला घाम दिसू नये म्हणून गीतांजली आत. आंबिलाचं मडकं हिंदकळू नये म्हणून मी आत. भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची दुरडी आत. बाकी सगळं शिक्षण मागं लागलं.

"माय, दम लागला," अमरेश म्हणाला.

"दम पायी चालणाऱ्याला लागतो. आपण गाडीनं चाललो."

शेताच्या वळणापासून उतार आहे. तिथं ढकलणाऱ्यांना बाभळीआड थांबवलं आणि गाडी सोडून दिली. ती आपल्या पायानं गेली आणि कडब्याच्या खोपीला न शिवता उभी राहिली. (यात निवृत्तीरावांचा हात नव्हता.)

शंकरप्पा उठून आले. "लई शांत गाडी हाय ओ, अक्का. आवाजच न्हाई."

"आमच्यात आवाज करायची पद्धत न्हाई."

पण बाप्या तो बाप्याच. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी मला बोलू न देता बॉनेट उघडलं. वाकले. खळग्यात हात टेकला. माझ्या मांडीवरचं आंबील तिथल्या तिथं आणखी आंबलं. नात हातची जाते की काय!

बऱ्याच वेळानं मान वर करून ते म्हणाले, "बाकी बेस हाय. प्लग तेवढे साफ करून घ्या."

मी थोरल्या सुनेला सोयरिकीची साखर आणायला सांगितली. इतका आपल्यातला माणूस पुन्हा कुठं मिळायचा?

हे लिहीपर्यंत गाडी शेतातच आहे. डुकरांवर रात्री काढून बॅटरी पार उतरली, आणि परतीचा रस्ता चढाचा. वाचता वाचता तुमच्याही मनात एखादा उपाय आलाच असेल: सेकंड गिअर टाका, क्लच सोडा, असं काहीतरी. येऊन सांगा. मात्र उभ्यानं सांगू नका. मागं उजव्या अंगाला दोन हातांपुरती जागा रिकामी ठेवली आहे.