वोयतेखचं माप

त्या शनिवारी ओताकरने एवढंच ठरवलं, की साप आधी मोजायचा आणि मग त्याला जेवायला घालायचं. यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. चेक देशातल्या ब्रनो शहराच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस तो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी त्याने भल्याभल्या इंजिनिअरांना माना खाली घालायला लावल्या होत्या. (घरात त्याने बसवलेलं कपाट अजून डावीकडे झुकतं. त्याचा दोष तो भिंतीला देतो.)

साप त्याच्या मुलीचा, आनेश्काचा. ती तेरा वर्षांची पोर शाळेबरोबर आठवडाभर डोंगरात स्की शिकायला गेली होती, आणि त्याच शाळेत व्यायामाची बाई असलेली तिची आई सोबत गेली होती. घरी उरले तिघं. ओताकर, त्याची सासू व्लास्ता आणि वोयतेख. वोयतेख म्हणजे साप. केशरी, बिनविषारी, जेमतेम सहा महिन्यांचा. आनेश्काने त्याला वारलेल्या आजोबांचं नाव दिलं, तेव्हा व्लास्ताबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या काचेच्या पेटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मान तशीच आहे हो." तेव्हापासून त्या त्याला रोज सकाळी 'झोप लागली का' म्हणून विचारत.

ओताकरचं मात्र सापाशी बिनसलं होतं. साप घरात आला त्या दिवशी "याचा पट्टा बरा होईल" असं तो जेवताना बोलून गेला आणि लेकीने ते मनाला लावून घेतलं. चार महिने ती त्याच्याशी हो-नाहीपुरतंच बोलत होती. म्हणून जाताना तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली, आणि ती आजीच्या नाही, त्याच्या नावाने लावली, याचं त्याला भारी अप्रूप वाटलं. चिठ्ठी त्याने पाठच केली. 'बाबा, वोयतेखला शनिवारी एकच उंदीर. जाडीला त्याच्या सर्वांत जाड भागाएवढा, मोठा नको. मग दोन दिवस हात लावू नकोस. तुझ्यावर सोपवून जाते आहे.'

आता लेकीने सोपवलेलं काम अंदाजाने थोडंच करायचं? ओताकरने कारखान्यातली व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, आणली. सापाला गार लागू नये म्हणून ती आधी काखेत धरून गरम केली. वोयतेखला तीन ठिकाणी मोजलं. सर्वांत जाड भाग, पोटापाशी, भरला सोळा पूर्णांक चाळीस शतांश. मग त्याने फ्रीझर उघडला. जंगलातून वेचून आणलेल्या ब्लूबेरी आणि मागच्या वर्षीचे मशरूम यांच्या मधोमध आइस्क्रीमचा एक जुना डबा होता आणि त्यात आनेश्काचे गोठवलेले उंदीर होते. केस न आलेली गुलाबी पिल्लं. ती भरली अकरा पूर्णांक वीस.

"आई, बघा. पाच मिलिमीटरची तफावत. पोरीने चुकीचा माल भरलाय."

"बारीकच आहेत बिचारी," व्लास्ताबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, आणि मग उगीचच जोरात मळू लागल्या.

ओताकर तडक ट्रामने दुकानात गेला. सापा-सरड्यांचं खाणं विकणारा दुकानदार म्हातारा आणि सावकाश बोलणारा होता.

"केवढा आहे साप?"

"सोळा पूर्णांक चाळीस."

"वर्षं?"

"मिलिमीटर. वय सहा महिने."

"सहा महिन्यांचा सोळा नसतो. बोटाने दाखवा बघू."

बोटाने. ओताकरला इतका अपमान त्याच्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता. "मी व्हर्नियर लावलीय," तो म्हणाला.

"दुर्बीण लावा हवी तर. सोळा नसतो."

शेवटी त्याने मागे रांगेत माणसं ताटकळत असताना काउंटरवरच गोठवलेले उंदीर मोजले आणि त्यांतला एक, केसाळ, मिशाळ आणि लांब शेपटीचा, घरी आणला.

उंदीर कोमट पाण्यात वितळवून त्याने पेटीत ठेवला. वोयतेखने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ओताकरकडे पाहिलं आणि कामाला लागला. पाऊण तास लागला. व्लास्ताबाई हातात पळी घेऊन मागे उभ्या होत्या. "नाही म्हणायचं यांच्या घराण्यातच नाही," त्या म्हणाल्या. रविवारी त्यांनी जावयाच्या पानात नेहमीप्रमाणे सहा क्नेडलिकी वाढल्या. या वाफवलेल्या कणकेच्या जाडजूड चकत्या. चार खाल्ल्या की माणूस भरतो आणि सहा खाल्ल्या की बसल्या जागी झोपतो. ओताकर मोठ्या समाधानाने झोपला.

सोमवारी तो कामावरून आला तर वोयतेखने सगळं बाहेर काढलं होतं आणि कोपऱ्यात निपचित पडला होता. ओताकर घाईने पेटीपाशी वाकला. सवयीने त्याने आधी नग मोजले. एक केसाळ. आणि एक गुलाबी. सव्वीस वर्षांत एक नग आत घालून दोन बाहेर आल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

"आई, तुम्ही याला काही दिलं होतं का?"

"मी कशाला देऊ?"

"आई."

"शुक्रवारी. एकच दिलं, जावईबापू. तो बघत होता माझ्याकडे."

"सापाला पापण्या नसतात. तो सगळ्यांकडेच बघतो."

"तुम्हाला नाही कळायचं. आमचे हेही असेच बघायचे. चाळीस वर्षांत तोंडाने कधी मागितलं नाही."

म्हणजे ओताकरने शंभराव्या भागापर्यंत अचूक मोजला होता तो साप नव्हताच. ते सापाच्या पोटातलं शुक्रवारचं जेवण होतं.

त्याने दुकानदाराला फोन लावला. म्हातारा एकदाही 'सांगितलं होतं' म्हणाला नाही, हे ओताकरला जास्त लागलं. "दहा दिवस उपास. पाणी ठेवा, ऊब ठेवा, हात लावू नका. मग लहानातला लहान द्या. बहुतेक वाचेल."

'बहुतेक' हे कुठल्याच पट्टीवर नसतं. आठवडाभर ओताकर कामावरून आला की खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचा. पट्ट्याबद्दल बोललो त्याची माफी त्याने सापाकडे मागितली, अगदी शब्दांत. साप मेला असता तर दुसरा आणता आला असता. पण पोरीने चार महिन्यांनी एकदा विश्वास टाकला होता, तो दुसरा कुठून आणायचा, या विचाराने त्याला खरंच भीती वाटत होती.

शनिवारी आनेश्का दारात बूट काढत होती तेव्हाच त्याने सगळं सांगून टाकलं. ती घरातल्या सपाता न घालता तशीच मोज्यांवर पेटीकडे धावली. वोयतेख पाणी पीत होता.

"आजी, तू उंदीर कसा निवडला होतास?"

व्लास्ताबाईंनी करंगळी वर केली. "मानेकडे बघितलं आणि ही लावली. कणकेला मीठ घालताना मोजतं का कुणी?"

"बरोबर निवडलास. फक्त द्यायचा नव्हता." मग ती बापाकडे वळली. "किती म्हणालास, बाबा?"

"सोळा पूर्णांक चाळीस," ओताकर खाली मान घालून म्हणाला.

आनेश्काने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमलं नाही. ती त्याच्या खांद्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच ओताकरला आपल्या चुकीचं बरं वाटलं.

अकराव्या दिवशी वोयतेखने एक गुलाबी पिल्लू खाल्लं आणि ते पोटात राहिलं. ईस्टरला आनेश्का मैत्रिणीकडे राहायला निघाली, तेव्हा फ्रिजवर नवी चिठ्ठी होती. ओताकर लगबगीने वाचायला गेला. चिठ्ठी आजीच्या नावाने होती.

'आजी, वोयतेखला शनिवारी एकच, तुझ्या करंगळीने बघून. बाबाला रविवारी दोनच क्नेडलिकी. त्याच्या सर्वांत जाड भागावर जाऊ नकोस.'