धुलाईखोलीच्या बेचाळीस पाळ्या

पासष्टीनंतरही माणूस काहीही शिकू शकतो, हे मी अख्ख्या येव्ले शहराला दाखवून देणार होतो! वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला पाच बुधवार बसलो आणि आमच्या इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहून मोकळा झालो. खोलीच्या दाराजवळच्या पडद्यावर बसवलासुद्धा.

शिकवणारी एब्बा म्हणाली, "स्टूरे, दोन कामं राहिली. प्रत्येक गोष्टीची छोटी चाचणी लिही. आणि ओळींशेजारी टिपा लिही. ओळ काय करते ते नको, का करते ते!"

पहिली चाचणी सोपी होती: पाळी मागितली तर मिळते का? मागायला एक नाव हवं, म्हणून शेजारीण गुनवरचं घातलं. हिरवी खूण आली! इतकं बरं वाटलं, की कॉफी पीत पीत बेचाळीस वेळा चालवली.

चाचणीला खोटी यादी द्यायची असते. मी खरी दिली होती; गुनवरच्या नावावर खरोखरच बेचाळीस पाळ्या लागल्या.

सोमवारी धुलाईखोलीच्या दारावर चिठ्ठी: "कुणीतरी एकटीच गावाचे कपडे धुणार वाटतं! सप्रेम, शेजारी." मंगळवारी अशा नऊ चिठ्ठ्या. बुधवारी गुनवरशी लिफ्टमध्ये कुणी बोलेना. तसं आमच्याकडे लिफ्टमध्ये एरवीही कुणी बोलत नाही, पण आता मुद्दाम बोलेनात! गुरुवारी इमारतीची अध्यक्ष इंगेगेर्ड हिने सभा लावली. गुनवरची धुलाईखोलीची किल्ली काढून घ्यायची!

"सांगून टाक ना, तूच केलंस म्हणून!" माझी बायको मायकेन म्हणाली.

"प्रोग्राम दाखवावा लागेल गं."

"मग दाखव!"

"त्यात टिपा आहेत."

"असू देत की."

"खऱ्या आहेत."

सभेत गुनवर किल्ली मुठीत घट्ट धरून बसली होती. डोळे भरलेले. मी उठलो, सगळं कबूल केलं, प्रोग्रामचे कागद पुढे ठेवले. इंगेगेर्डने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं.

"फोल्केच्या पाळीनंतर अर्धा तास मोकळा. कारण: तो यंत्राची जाळी साफ करत नाही, वर दुसऱ्यांवर चिठ्ठ्या लावतो."

समोर बसलेला फोल्के आपले बूट न्याहाळू लागला.

"इंगेगेर्ड यादीत सर्वांत वर. कारण: नाहीतर ती सभा लावते."

इंगेगेर्डने चष्मा पुसला आणि पुढे वाचलं.

"चाचणीसाठी गुनवरचं नाव. कारण: तिला कळायचं नाही."

"कळलं की!" गुनवर म्हणाली.

किल्ली तिच्याकडेच राहिली. मी कपाळावरचा घाम पुसला. "त्या बेचाळीस पाळ्या आत्ता रद्द करतो."

"तुला नाही जमायचं," पान उलटत इंगेगेर्ड म्हणाली. "पाळी ज्याच्या नावावर, फक्त त्यालाच रद्द करता येते. इथं तूच लिहिलंयस."

सगळ्यांनी गुनवरकडे पाहिलं. गुनवरने माझ्याकडे पाहिलं. आणि मग मला सोडून तिने एकेकाला जवळ बोलावून हवी ती पाळी देऊन टाकली. फोल्केलासुद्धा!

सध्या मी सदरे अंघोळीच्या टबात धुतो. त्या नियमात पळवाट असेल म्हणून त्याचीही चाचणी लिहून चालवून पाहिली. हिरवी खूण आली. नियम पक्का!