चैतालीचे पहिले पाहुणे

प्रितमने हल्ली टाइप करणं सोडलं होतं. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, कानाला माइकवाला हेडफोन लावायचा आणि खुर्चीत मागे रेलून बोलायचं. पलीकडचा एआय मदतनीस ऐकायचा, कोड लिहायचा, चालवून बघायचा आणि झालं म्हणून सांगायचा. वलवणच्या घरात या प्रकाराला "प्रितमचं ऑफिस" म्हणत.

मदतनीस हुशार होता, पण त्याच्या डोक्यात एका वेळी मावेल तेवढंच मावायचं. बोलणं लांबलं की तो आधीचं सगळं चार ओळींत गुंडाळायचा आणि त्यात नेमकी कामाची गोष्ट गळायची. म्हणून कायमचं लक्षात राहावं ते वेगळ्या फायलीत लिहून ठेवायची सोय होती. कामाला बसताना तो ती फाइल आधी वाचायचा. "लक्षात ठेव" किंवा "ध्यानात ठेव" असं कानावर पडलं की पुढचं बोलणं आपोआप त्या फायलीत जाईल, अशी युक्ती प्रितमने केली होती. "कोड काय, कुणीही लिहील. संदर्भ सांभाळणं ही खरी कला," असं तो ऑफिसातल्या मंडळींना सांगायचा. त्यावर त्याने एक तासाचं भाषणही दिलं होतं. ते ऐकताना त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं.

सध्या घरचंच काम होतं. त्याची मामेबहीण चैताली हिने आंबीतल्या कंपनीतली नोकरी सोडून वडिवळ्याला धरणाच्या कडेला, भातखाचरांना लागून, दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या होत्या. बुकिंगचं पान आणि पाहुण्यांना आपोआप जाणारे मेसेज प्रितमने करून द्यायचे, असं ठरलं होतं. पहिलं बुकिंग आलंही होतं. पुण्याच्या एका गाण्याच्या क्लासातल्या बायका शनिवारी येणार होत्या.

गुरुवारी सकाळी पाण्याची टाकी भरून वाहायला लागली, म्हणून प्रितम माइक टेबलावर ठेवून गच्चीवर पळाला. माइक चालूच होता. तेवढ्यात त्याची आई आक्काबाई केर काढायला खोलीत आली आणि झाडू मारता मारता तिने भाचीला फोन लावला.

"जयभीम चैताली. ध्यानात ठेव, पुण्याच्या बाया खायच्या कमी आन् नावं लय ठेवायच्या. भाकरी मोजून कर. आन् ध्यानात ठेव, चांगल्या चादरी पहिल्या दिशी काढू नको. ध्यानात ठेव, गरम पाणी एकीनं लय वापरलं तर दुसरीला गार मिळंल, आदीच सांगून टाक. आन् त्या प्रितमचं काय ऐकू नको बरं का! ध्यानात ठेव, त्यानं काय बी सांगितलं तरी मला, त्याच्या आईला, इचारल्याबिगर करू नको. त्याला घरातला गॅस कुटं बंद करत्यात ते ठावं न्हाई."

प्रितम खाली आला तेव्हा आई निघून गेली होती आणि खिडकीत मदतनिसाचा निरोप होता: नोंदी अद्ययावत केल्या आहेत. "व्वा," प्रितम म्हणाला. "आता पाहुण्यांना स्वागताचा मेसेज पाठव. नियम नीट समजावून सांग. भाषा नम्र हवी."

संध्याकाळी चैतालीचा फोन आला.

"दादा, आत्या सकाळी मला जे बोलली ते पाहुण्यांना गेलंय."

"कसं जाईल?"

"वाचून दाखवते. 'आदरणीय भगिनींनो, सस्नेह स्वागत. आपण पुण्याच्या असल्यामुळे खाणार कमी आणि नावं जास्त ठेवणार, याची आम्हाला नम्र कल्पना आहे. त्यामुळे भाकऱ्या मोजून केल्या जातील. चांगल्या चादरी पहिल्या दिवशी काढल्या जात नाहीत. एका भगिनीने गरम पाणी जास्त वापरल्यास दुसऱ्या भगिनीस गार मिळेल. आपल्या आनंददायी मुक्कामासाठी शुभेच्छा.'"

भाषा खरोखर नम्र होती.

"त्यांच्यातल्या बुकिंग करणाऱ्या नंदाताईंचा उलट मेसेज आलाय," चैताली म्हणाली. "'आम्ही यायचं आहे की नाही?' एवढंच. दादा, हे पाहुणे गेले ना, तर बाबा मला सोमवारी परत आंबीला सोडून येतील. ते नुसती वाट बघतायत."

"पाच मिनिटांत करतो," प्रितम म्हणाला आणि हेडफोन कानाला लावला. "तो मेसेज चुकीचा आहे. माफीचा मेसेज पाठव."

खिडकीत उत्तर उमटलं: नोंदीनुसार, प्रितमने सांगितलेली कोणतीही गोष्ट आईंना विचारल्याशिवाय करायची नाही. स्वागताच्या मेसेजमधले नियम आईंचेच होते; माफीबद्दल आईंना विचारलं आहे का?

"अरे, मीच प्रितम! तुला मी चालवतो!"

समजलं. आईंना विचारलं आहे का?

मागे चहाचा कप घेऊन उभी असलेली त्याची बायको ज्योत्स्ना हसू दाबत म्हणाली, "विचार ना मग. आई ओट्यापाशीच आहेत."

"मी बारा वर्षं या धंद्यात आहे," प्रितम म्हणाला. "यंत्राला काम सांगायला मला आईची परवानगी लागत नाही."

त्या फायलीतल्या चार ओळी खोडल्या असत्या तरी भागलं असतं. पण प्रितमचा अपमान झाला होता. "सगळं विसर," तो गरजला. "सगळ्या नोंदी पूस. कोऱ्या पाटीने सुरुवात कर."

सर्व नोंदी कायमच्या जातील. नक्की?

"नक्की!"

नोंदी गेल्या. आईच्या ओळींबरोबर प्रितमने इतके दिवस सांगितलेलं सगळं गेलं: चैताली कोण, खोल्या कुठे, कामशेतवरून कसं वळायचं. प्रितमला मात्र हलकं वाटत होतं. "आता माफीचा गोड मेसेज लिही आणि खाली जागेचा पत्ता टाक," त्याने सांगितलं. मदतनिसाने या वेळी काही विचारलं नाही. पाठवला म्हणून कळवलं. थोड्या वेळाने नंदाताईंचं उत्तर चैतालीला आलं: गैरसमज दूर झाला, शनिवारी येतो. प्रितम त्या रात्री जेवताना संदर्भ सांभाळण्यावर बराच वेळ बोलला. ऐकायला नाइलाजाने ज्योत्स्ना होती.

शनिवारी नाश्त्याच्या वेळी वलवणला त्यांच्या दारात मोठी गाडी थांबली. आतून हार्मोनियमची पेटी, पिशव्या आणि साड्या सावरत बायका उतरल्या.

"हेच ना ते?" पुढची बाई म्हणाली. "मी नंदा. अगदी दारापर्यंत रस्ता दाखवला हो तुमच्या मेसेजने!"

प्रितम पळत कॉम्प्युटरपाशी गेला. "पत्ता कुठला टाकलास?"

जागेची नोंद उपलब्ध नव्हती. चाचणीसाठी तुम्ही भरलेल्या माहितीत एकच पत्ता सापडला. तो वापरला.

पान चालतं का हे बघायला त्याने पहिल्या दिवशी स्वतःच्या घराचा पत्ता भरला होता. तो बाहेर आला तोवर पेटी ओसरीवर आली होती आणि आक्काबाई बायकांना पाणी देत होती.

"आई, या चैतालीकडच्या पाहुण्या. चुकून..."

"मग काय दारातनं हाकलू? लांबनं आल्यात. बॅगा घे आत."

प्रितमने बॅगा आत नेल्या. एक बॅग नेली की कॉम्प्युटरपाशी जाऊन चूक कुठे झाली ते बघायचा, आणि बाहेरून हाक आली की पुन्हा बॅग उचलायचा. आक्काबाईने भाकरी टाकायला घेतली आणि पहिली तव्यावरून उतरली तशी मोजायचं सोडून दिलं. जेवण झाल्यावर बायकांनी पेटी काढली. दोन गाणी झाली, मग एकेक जण आडवी झाली.

प्रितमचा फोन गेल्यावर चैताली केलेलं जेवण डब्यांत भरून टेम्पोने वलवणला आली तेव्हा घरात घोरण्याचा आवाज होता.

"आत्या, त्यांना उठव ना. वडिवळ्याला न्यायचंय."

"गप. दमल्यात बिचाऱ्या. आज हितंच ऱ्हात्याल. त्यांनीच सांगितलं."

"आणि माझ्या खोल्या? सकाळपासून चादरी घालून ठेवल्यात. बाबा गेटपाशी उभे आहेत, पाहुणे येतात का बघायला."

मग ज्योत्स्नाने शांतपणे कपाट उघडलं आणि बॅग भरायला घेतली. "पाहुणे पाहिजेत ना? आम्ही येतो. आमच्याच खोलीत जागा नाहीये."

वडिवळ्याला पोहोचले तेव्हा उन्हं उतरत होती. कापलेल्या भाताचा वास येत होता आणि धरणाच्या पाण्यावर बगळे बसले होते. मामांनी गेटपाशी पाहुण्यांना नीट न्याहाळलं, भाचा आणि भाचेसून आहेत हे बघून तोंड वाकडं केलं आणि आत निघून गेले. ज्योत्स्ना पाण्याकडे बघत म्हणाली, "लग्नानंतर तू मला पहिल्यांदाच कुठेतरी आणलंस."

तेवढ्यात चैतालीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि ती ओरडली, "दादा! पानावर अभिप्राय आलाय. नंदाताईंचा. पाच तारे!"

"वाच."

"'घर छान, जागा सापडायला सोपी, मालकीणबाई अत्यंत प्रेमळ. जेवण अप्रतिम. पुन्हा नक्की येऊ.'" चैताली थांबली.

"पुढे?"

"'फक्त सामान उचलायला ठेवलेला माणूस बदलावा. सारखा आत कॉम्प्युटरकडे पळतो. स्वभावाने गरीब आहे, पण कामात लक्ष नाही.'" तिने हळूच वर बघितलं. "तुला काढता येईल का रे हे?"

"येईल," प्रितम म्हणाला.

"पण मग तारेही जातील?"

"जातील."

प्रितमने क्षणभर विचार केला. मग तो वाकला, ज्योत्स्नाची बॅग उचलली आणि विचारलं, "कुठली खोली, मॅडम?"