चोवीस सोनेरी पुडे

श्यामसुंदर परचुरे यांच्याबद्दलची सर्वांत जास्त माहिती खुद्द परचुऱ्यांकडेच मिळे आणि ती देताना ते हातचं काही राखत नसत. त्यांच्या सांगण्यानुसार पुण्यात खऱ्या बुद्धीची माणसं तीनच होऊन गेली. पैकी दोघांची नावं आता त्यांना आठवत नसत. खडकीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तिथे ते डब्यांची झाकणं घट्ट बसली आहेत की नाहीत ते बघत. पण सांगताना ते ‘मी तपासात होतो’ एवढंच सांगत आणि पुढे असे गूढ गप्प बसत, की ऐकणाऱ्याला उगाच खाली बघावंसं वाटे. निवृत्तीनंतर त्यांनी हडपसरला समोरासमोरचे दोन फ्लॅट घेतले. एकात ते पत्नी सुनीतीबाईंसह राहत आणि दुसरा भाड्याने देत. बाहेर दारावर पाटी होती, ‘श्या. मो. परचुरे, खासगी गुप्तहेर’, आणि हे गुपित सगळ्या सोसायटीला माहीत होतं.

समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू म्हणजे संतोष इंगोले. मूळचा वर्ध्याचा, आयटीत नोकरीला, स्वभावाने गरीब. त्याचा अकरा महिन्यांचा करार येत्या फेब्रुवारीत संपत होता, त्यामुळे परचुऱ्यांनी त्याला ‘तू माझा मदतनीस’ असं सांगितलं तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. आतापर्यंत दोघांनी मिळून दोन प्रकरणं हाताळली होती. लिफ्टमधला नाहीसा झालेला बल्ब आणि तिसऱ्या मजल्यावरची दुधाची पिशवी. बल्ब उडाला होता आणि दूध त्या दिवशी आलंच नव्हतं. दोन्ही वेळा परचुऱ्यांनी तपास यशस्वी झाल्याचं जाहीर केलं होतं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी मात्र खरंच काहीतरी गेलं होतं, आणि तेही संतोषच्याच घरातून. त्या संध्याकाळी त्याच्या साईचा पाचवा वाढदिवस होता. सोसायटीतली चोवीस मुलं सहा वाजता येणार होती. हल्ली वाढदिवसाला आलेल्या मुलाला जाताना यजमानांनीही काहीतरी द्यायचं असतं, त्याला रिटर्न गिफ्ट म्हणतात, आणि आयांचं सगळं लक्ष केकपेक्षा त्यावरच असतं. गेल्या महिन्यात एका घरी सर्वांना सरसकट स्टीलच्या शिट्ट्या वाटल्या होत्या. त्या घराबद्दल सोसायटी अजून बोलत होती, शिट्ट्यांच्या वरचा आवाज काढून.

संतोषच्या बायकोने, अपेक्षाने, म्हणूनच दोन रविवार या कामात घातले होते. पाहुण्यांतलं सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं होतं आणि सगळ्यात थोरला पुष्कर नववीत होता. एकाच वस्तूत दोघांना बसवणं शक्य नव्हतं. रंगखडू दिले तर धाकटं खाणार, आणि बदक दिलं तर पुष्कर घराकडे परत फिरकणार नाही. तिने रविवार पेठ पालथी घालून लहानांसाठी रबरी बदकं आणली, मधल्यांसाठी रंगखडू आणि मोठ्यांसाठी भिंगं. सगळे पुडे एकाच सोनेरी कागदात बांधले आणि वयाप्रमाणे फिती लावल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. खोकं आतल्या खोलीच्या कपाटात ठेवलं. शुक्रवारी सकाळी कामावर जाताना पुडे जागेवर होते. शनिवारी सकाळी बघते तर खोकं होतं, पुडे नव्हते.

अपेक्षा रडली नाही, पण तिचा आवाज पार खाली गेला. सोसायटीत वर्ष होत आलं होतं आणि साई सगळ्यांच्या वाढदिवसांना जाऊन जेवून आला होता. ‘आपली पहिलीच पाळी,’ ती संतोषला म्हणाली, ‘आणि मी दारात हात हलवत उभी राहणार.’ मग पर्स उचलून ती दुकानं धुंडाळायला निघून गेली. केकही तिलाच आणायचा होता. ती लिफ्टमध्ये शिरली न शिरली तोच समोरचं दार उघडलं.

परचुरे तयारीनिशीच आले होते. हातात वही होती आणि गळ्यात हिरव्या फितीला लटकवलेलं एक कोरं करकरीत भिंग. त्यांनी संतोषला चोरीच्या मालाचं वर्णन करायला सांगितलं. संतोष म्हणाला, सोनेरी कागद, वर फिती, काही लाल, काही पिवळ्या, काही हिरव्या, आणि हिरव्यांत भिंगं. परचुऱ्यांनी ‘हिरव्या’ शब्दाखाली रेघ मारली आणि ती नीट सरळ आली की नाही ते गळ्यातल्या भिंगातून पाहिलं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. शिक्षणाचा यात काही उपयोग होत नाही, संतोष तर इंजिनिअर होता.

पहिला निष्कर्ष परचुऱ्यांनी उभ्या उभ्याच काढला. तिन्ही वयांचे पुडे गेले, त्या अर्थी चोराला तीन मुलं असणार, एक दोन वर्षांचं, एक सहाचं, एक तेराचं. सोसायटीच्या अठ्ठावीस घरांत असं एकही घर निघालं नाही. सगळीकडे फार तर दोन. ‘कुटुंबनियोजनाने तपासाची वाट लावली,’ असं म्हणून त्यांनी तो निष्कर्ष खोडला.

दुसरा संशय वॉचमन दशरथवर गेला, कारण त्याच्या खोलीच्या खिडकीला सोनेरी कागद लावलेला होता. अर्धा तास भिंगातून निरीक्षण केल्यावर तो वेफर्सच्या पाकिटांचा निघाला. दशरथने शांतपणे विचारलं, ‘साहेब, काय हरवलं हाय?’ परचुरे म्हणाले की ते सांगता येणार नाही, तपासाला बाधा येते. त्यामुळे दशरथला जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं नाही. त्याला तर कोणी विचारलंही नव्हतं.

तिसरा निष्कर्ष परदेशी होता. समोर उसाच्या शेतात नव्या आयटी पार्कचा पाया खणला जात होता आणि परचुऱ्यांच्या मते तिथे जे काही चालतं ते शेवटी अमेरिकेला पाठवायचं असतं. चोवीस बदकं अमेरिकेला कशाला लागतील, असं संतोषने विचारून पाहिलं. बदकं आठच होती, पण तोवर त्यालाही नीट आठवेनासं झालं होतं. परचुरे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग वहीत चौथा संशयित म्हणून त्यांनी त्याचंच नाव लिहिलं, समोर वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. संतोषला फेब्रुवारी आठवला आणि तो गप्प बसला.

‘काल चोरी झाली केव्हा, ते बघ,’ परचुरे म्हणाले. ‘शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी दुपारी मी मंडईत असतो.’ हडपसरची भाजी त्यांना कधीच पटली नव्हती. दर शुक्रवारी दोन बस बदलून ते मंडईतून आणत. ‘म्हणजे माझं वेळापत्रक चोराला पाठ आहे. अगदी जवळची व्यक्ती.’ ही त्या दिवसातली एकच गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली, आणि पुढे तिचा त्यांनी काहीही उपयोग केला नाही.

संतोषची आई, कौशल्याबाई, तीन आठवड्यांपूर्वी वर्ध्याहून आल्या होत्या. इथे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. दिवसभर मुलगा-सून कामावर, आणि लिफ्टमधल्या बायका मान हलवत तेवढंच. सकाळपासून त्या पलंगाखाली, माळ्यावर, धान्याच्या डब्यातसुद्धा शोधत होत्या. घरात सगळ्यात मनापासून शोधणाऱ्या त्याच होत्या. परचुऱ्यांनी त्यांनाही समोर बसवलं आणि काल घरात कोण आलं होतं ते विचारलं.

‘बायका आल्त्या नं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले. सुनीतीबाईनं ऐनवेळी जमवल्या. बावीस जनी.’

‘बायका सोडून कोण?’

‘कोनीच नाई.’

परचुऱ्यांनी वहीत लिहिलं, ‘कोणीही आलं नाही’, आणि पुढे दोन रेघा मारल्या. हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण चोरी करत नाही, हे त्यांच्या शास्त्रातलं पहिलं कलम होतं. शिवाय त्या बावीस जणींत सुनीतीबाईही होत्या, आणि स्वतःच्या बायकोवर संशय घ्यायचा तर रात्री जेवायचं कुठे?

चार वाजता अपेक्षा परत आली. हातात केकचं खोकं होतं, बाकी काही नव्हतं. तीन वयांच्या चोवीस वस्तू हडपसरमध्ये एकाही दुकानात नव्हत्या. एक दुकानदार तर शिट्ट्या घ्या म्हणाला. केक टेबलावर ठेवून ती वळली आणि परचुऱ्यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिली.

‘काका, हे भिंग कुठलं?’

साधनांबद्दल तपासनीस बोलत नसतो, असं परचुरे म्हणत होते, तेवढ्यात त्यांना चहाला बोलवायला सुनीतीबाई दारात आल्या.

‘कुठलं म्हणजे? काल कौशल्याबाईंनी वाणात नाही का दिलं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याकडे लहान मूल नाही, म्हणून यांना दिलं.’

सुनीतीबाई कौतुकानेच सांगत राहिल्या. कुणाला रंगखडू मिळाले, कुणाला बदक. बायकांना वाटलं वर्ध्याकडे तशी रीत असेल. दर संक्रांतीला प्लास्टिकचे डबे घेऊन वीट आलेला, यंदा मुलं खूश झाली. उरलेले दोन पुडे कामाच्या इंदुबाईला आणि तिच्या जावेला दिले, ते दशरथने स्वतःच्या हाताने खाली नेऊन पोचवले होते.

कौशल्याबाई कपाटाला हात टेकून उभ्या होत्या. वाढदिवसाला पोराला चार लोक काही देतात, इतकं त्यांना ठाऊक होतं. आलेल्यांनाही द्यायचं असतं हे त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं. म्हणून ‘गिफ्ट गेली’ म्हणजे साईची खेळणी गेली असं समजून सकाळपासून त्या तीच शोधत होत्या.

‘मले वाटलं, सूनबाईनं वाण आनून ठेवलं,’ त्या हळू म्हणाल्या. ‘एवढी नोकरी करून ध्यानात ठेवलं, असं मी सगळ्याइले सांगतलं.’

संतोषला आईकडे बघवेना. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बावीस बायका तिच्याशी बसून बोलल्या होत्या, आणि आता त्याच बायका हे चार दिवस चघळणार होत्या. दिवसभर दुकानं हिंडून आलेल्या बायकोकडेही बघायची त्याची छाती झाली नाही. परचुऱ्यांनी पेन काढलं. गुन्हेगार सापडल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

‘काका, चोरी झालीच नाही,’ अपेक्षा म्हणाली. ‘ते वाणच होतं. मीच आणून ठेवलं होतं आईंसाठी. कामाच्या गडबडीत विसरले.’

‘मग सकाळची फिर्याद?’

‘तीही विसरले.’

सुनीतीबाईंनी अपेक्षाकडे पाहिलं, मग रिकाम्या खोक्याकडे, ज्यावर अपेक्षाच्याच अक्षरात ‘साई वाढदिवस, २४’ असं लिहिलेलं होतं. खोकं त्यांनी पायाने अलगद पलंगाखाली सरकवलं. ‘विसरणारच,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, चला. चोरी झालेली नाही आणि चहा गार होतोय.’

ते गेल्यावर अपेक्षाने सासूला विचारलं, साईचं बोरन्हाण पाचव्या वर्षापर्यंत चालतं ना. कौशल्याबाईंनी डोळे पुसले आणि ट्रंकेतून वर्ध्याच्या बोरांची पिशवी काढली. विचारू की नको करत त्यांनी ती तीन आठवडे तशीच ठेवली होती. चुरमुरे आणि गोळ्या खालच्या दुकानातून आल्या. ऊस आणि ओला हरभरा सुनीतीबाईंनी परचुऱ्यांच्या मंडईच्या पिशवीतून परस्पर आणून दिला.

सहा वाजता केक कापून झाल्यावर साईला पाटावर बसवलं आणि कौशल्याबाईंनी त्याच्या डोक्यावरून पहिलं माप ओतलं. घरभर बोरं, उसाचे करवे, गोळ्या पसरल्या आणि चोवीस मुलं जमिनीवर आडवी झाली. पुष्कर आधी भिंतीला टेकून मोबाइलची बटणं दाबत होता. दुसऱ्या मापाला तो टेबलाखाली होता, हातात ऊस आणि खिशात एका तीन वर्षांच्या मुलीची बोरं, जी तिने नंतर चापट मारून परत घेतली. जाताना प्रत्येकाचे खिसे भरलेले होते आणि कुणाला कुठल्या वयाचं काय मिळालं हे सांगता आलं नसतं. बायका एकेक करून कौशल्याबाईंना घरी बोलवून गेल्या, मंगळवारी, गुरुवारी, आणि एकीने तर रथसप्तमीचं पक्कं करून टाकलं. परचुरे तीन बोरं खाऊन गेले. वहीत त्यांनी लिहिलं होतं, ‘तपासनीसाच्या दक्षतेमुळे चोरी टळली.’ भिंग त्यांनी परत केलं नाही.

संतोष केर काढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला तेव्हा आत कौशल्याबाई भांडी पुसत होत्या आणि अपेक्षा ओट्याला टेकून उरलेली बोरं खात होती.

‘लय सफाईनं खोटं बोल्ली तू,’ कौशल्याबाई म्हणाल्या. ‘पुन्याचं पानी लागलं तुले.’

अपेक्षा हसली आणि तिने मूठभर बोरं सासूच्या ओच्यात टाकली.