दाताच्या दवाखान्यातलं दुसरं दार

या शहरात मला सापडणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय! ही फुशारकी नाही, धंद्याचा अनुभव आहे. मी घरांचा दलाल. कोणाच्या न्हाणीघरात नळ गळतो, कोणता घरमालक जिन्यात उभा राहून भाडेकरूंची भांडणं ऐकतो, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बायकोला तपासून "यांना आता मनोविकारतज्ज्ञांना दाखवा" असं सांगितलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "उद्यापर्यंत शोधतो!"

"शोधा," डॉक्टर म्हणाले. "शहरात तर कोणी नाही. बाहेरून कोणीतरी येतं म्हणे, कुठे बसतं कोणास ठाऊक."

बायकोचं आधी सांगायला हवं. ती कपडे शिवते. तिच्या हातचं माप कधी चुकत नाही. पण गेले काही महिने ती मशीनसमोर नुसती बसून राहायची. झोप नाही, भूक नाही, आणि मधेच डोळ्यांना धार. "काय झालं?" विचारलं की म्हणायची, "काहीच नाही झालं हो." आणि त्याचंच तिला आणखी रडू यायचं. मी माझ्या परीने उपाय सांगत होतो. पहाटे फिरायला जा, गाणी ऐक, माझ्या मामेभावाला असंच व्हायचं तेव्हा त्याने कुत्रा पाळला! ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे कूस करून पडायची. खरं सांगतो, मी आतून घाबरलो होतो.

डॉक्टरांकडून परतताना ती एवढंच म्हणाली, "एकदा येईन मी. तिथे जमलं नाही, तर पुन्हा कुठे चल म्हणू नका. त्राण नाही राहिलं माझ्यात."

म्हणजे एकच संधी! आणि त्यात या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, हे मी ठरवलं. तिने तसं काही सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी.

मी सरळ औषधांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक पांगेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभा राहिलो आणि मग हळूच म्हणालो, "मनाचे डॉक्टर कुठे मिळतील? एका मित्राला हवेत."

दुकानदाराने चष्मा काढला. "मित्राला."

"मित्राला."

"लग्न झालंय मित्राचं?"

"झालंय की!"

"बायकोला माहीत आहे?"

"तिला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग अर्धं काम झालं," असं म्हणून त्याने काउंटरवरून माझा हात घट्ट धरला. "मित्राला म्हणावं, धीर सोडू नकोस. आम्ही आहोत."

मग त्याने पत्ता सांगितला. मोठ्या शहरातून एक डॉक्टरीणबाई एक गुरुवार सोडून एक गुरुवार येतात आणि बाजारामागच्या दाताच्या दवाखान्यात दुसऱ्या खोलीत बसतात. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ती जागा दातवाल्या डॉक्टरांना मीच मिळवून दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून शहर माझ्याशी विचित्र वागू लागलं. न्हाव्याने न सांगता डोक्याला तेल चोळून दिलं. वर्षभर दलालीवरून हुज्जत घालणारा घरमालक म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं! तुम्ही फक्त शांत राहा." मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, ताईला त्रास देऊ नका, पण स्वतःलाही जपा हं!" सगळ्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता आणि त्या स्वर्गात वेडा एकटा मी! म्हटलं, असू दे. बायकोचं नाव तर झाकलं गेलं.

गुरुवारी आम्ही दवाखान्यात पोचलो. एकच बैठकीची खोली, समोरासमोर दोन दारं. उजवीकडे दात, डावीकडे मन. आणि खुर्च्यांवर कोण? निवृत्त मुख्याध्यापक, व्यायामशाळेचे मास्तर आणि खुद्द औषधवाला! मला बघताच तिघांचे हात आपापल्या गालांवर गेले.

"दाढ," मुख्याध्यापक म्हणाले.

"माझीही," मास्तर म्हणाले. लोखंड उचलणारा माणूस, पण आवाज अगदी बारीक.

औषधवाला छताकडे बघत होता.

टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "कोणाकडे आलात?"

बायकोने तोंड उघडलं, पण मी तिच्या आधी गरजलो, "दाताच्या डॉक्टरांकडे! माझी दाढ! ही नुसती सोबत आलीय!" माझा बेत साधा होता. ही मंडळी दाढा दाखवून निघून जातील, खोली रिकामी होईल आणि मी हिला डाव्या दारातून अलगद आत पोचवीन.

"तुम्ही आधी जा," मुख्याध्यापक चटकन म्हणाले.

"छे, छे! तुमचा नंबर आधी."

"आम्हाला घाई नाही," मास्तर म्हणाले.

"अजिबात नाही," औषधवाला म्हणाला.

इतके सज्जन रुग्ण मी जन्मात पाहिले नव्हते! तेवढ्यात उजवं दार उघडलं. दातवाल्या डॉक्टरांना बऱ्याच दिवसांत माणूस दिसला नसावा. त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं आणि खुर्चीत आडवं केलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. खरं काय ते त्यांच्या कानात सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तिथेच फसलो. उघडलेल्या तोंडात त्यांनी आरसा घातला.

"अरे वा!" ते आनंदाने म्हणाले. "ही तर पार गेलेली आहे! काढूनच टाकू."

बाहेरून मुख्याध्यापक डोकावत होते. मी मान डोलावली. काय करणार! सुई टोचली, जीभ जड झाली, आणि नेमकं तेव्हाच बाहेर डावं दार वाजलं.

"आज कोणीच नाही का?" बाईमाणसाचा आवाज होता. डॉक्टरीणबाई! "कोणी नसेल तर मी निघते. लवकरची गाडी मिळेल."

बाहेर सगळ्या दाढा गप्प!

ही गाडी गेली की संधी गेली, आणि बायको पुन्हा कुठे येणार नव्हती. मी ओरडलो, "थांबा! माझी बायको!" पण बाहेर आलं ते नुसतं "हांआ! आई हायहो!"

"दुखतंय?" दातवाले डॉक्टर कळवळले आणि त्यांनी आणखी एक सुई टोचली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

आणि मग मला तिचा आवाज ऐकू आला. मशीनसमोर बसून बसून बारीक झालेला, पण स्वच्छ.

"डॉक्टर, मी आहे. मला झोप लागत नाही. दिवसभर रडू येतं आणि कशाचं ते कळत नाही. माझे दात चांगले आहेत. मी येऊ का आत?"

"या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसून बोलू."

दार लागलं. मग बाहेर एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मुख्याध्यापक खाकरून म्हणाले, "बाई, त्यांच्यानंतर माझं नाव घ्या. डावीकडे."

"मग माझं," मास्तर म्हणाले. "मला छातीत धडधडतं. गर्दीत तर जास्तच."

"माझं शेवटी घ्या," औषधवाला म्हणाला. "मी नेहमीचा आहे."

माझी दाढ निघाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांना वाटलं, दाढेचं. बाहेर आलो तर तिन्ही खुर्च्या डाव्या दारासमोर ओळीने मांडलेल्या! उजवीकडे सगळ्या दिवसाचा रुग्ण मी एकटा.

डॉक्टरांनी मला कापसाचा बोळा चावायला दिला आणि बजावलं, "तासभर तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही!" आणखी काही बोळे पुडीत बांधून दिले.

बायको बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण खांदे सैलावले होते. आम्ही चालत निघालो आणि ती बोलायला लागली.

"त्या म्हणाल्या, हा आळस नाही, आजार आहे. बरा होतो म्हणे. गोळ्या दिल्यात. पुढच्या वेळी पुन्हा बोलावलंय." थोडं चालून ती म्हणाली, "सकाळी सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी डोंगर वाटतो हो. मला वाटायचं, मीच वाईट झाले. तुम्हाला सांगायला जायचे, पण तुमचं उत्तर आधीच तयार असायचं."

माझ्याकडे याही वेळी उत्तर होतं! मामेभावाचा कुत्रा अगदी जिभेवर आला होता. पण जीभ बधिर आणि वर बोळा. मी नुसती मान हलवली. ती बोलत राहिली. कधीची भीती, कधीचं एकटं वाटणं, मी घरात असतानाचंही. आमची गल्ली आली, तरी आम्ही वळलो नाही, पुढचा चौक घेतला.

घरी पोचेस्तोवर तास उलटून गेला होता. रक्त थांबलं होतं. मी बोळा काढला आणि घसा साफ केला.

"अहो," ती म्हणाली, "राहू द्या की अजून थोडा वेळ."

मी पुडी सोडली आणि नवा बोळा लावला.